खांब कमी, पंगत लांब

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका कनातीची घडी.

कनात म्हणजे मंडपाच्या बाजूला लावतात ते कापड. लांबलचक असतं, एकट्याने घडी होत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, मग एकाने चालत दुसऱ्याकडे जायचं. आमच्यात चालत जाणारा कायम मी. गोमी जागची हलायची नाही. म्हणायची, "खांब हलत नाय. कापड खांबाकडं येतं." चाळीस वर्षं मी कापडासारखा तिच्याकडे चालत गेलो.

त्या संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात ऊन उतरलं होतं. मोबाईल टॉवरच्या खांबाची सावली पार समोरच्या धर्माच्या ओट्यावर चढली होती. पहिली घडी झाली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या घडीला गोमी दोन पावलं माझ्याकडे आली.

मी म्हणालो, "अगो, आज खांब कसा काय हलला?"

"पाय आखडलेत. मोकळे करते."

"बरं वाटत नाय काय?"

"कनात नीट धरा तुमी. टोक मातीत लोळतंय."

मी टोक उचललं. घडी झाली. कनात ट्रंकेत गेली. तिने भाकऱ्या केल्या, आम्ही जेवलो. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलात तिने जीव सोडला. याला आता तीन महिने होतील.

लोक सांगतात, बाबा, रडून मोकळे व्हा. रडलो. पण रडण्यातून ती कशी होती ते कोणाला कळत नाही. म्हणून मुलीच्या जुन्या वहीत लिहितोय. मी चौथी शिकलो, ती तेवढीही नाही. शुद्धलेखन बघायचं असेल त्याने वही इथेच मिटावी.

गोमी दिसायला काही खास नव्हती. बुटकी, रुंद, आवाज पहारीसारखा. तिचा बाप उरणकडच्या मिठागरात बांध आखायचा. त्याच्याकडे एक सुती दोरी होती, हाताहाताला गाठ मारलेली, दहा हातांची. लग्नात बापाने लेकीला बाकी काय दिलं ते मी विसरलो, पण ती दोरी तिने सासरी आणली आणि पत्र्याच्या डब्यात ठेवली. बापाचं एक वाक्यही आणलं, "कोरडी दोरी, खरी दोरी." सुती दोरी ओली झाली की आखडते. पावसात मंडपाचे ताण, म्हणजे बाजूने ओढून बांधलेल्या दोऱ्या, आपोआप घट्ट होतात आणि मेखा उपसून काढतात, ते त्यामुळेच. हे तिने आमच्या प्रत्येक कामगाराला एवढ्या वेळा ऐकवलं होतं की आळीतली पोरंसोरंही ओल्या टॉवेलला "आखडला काय रे" म्हणायची.

आमचा धंदा मंडपाचा. सुकापूरच्या जुन्या गावात, सात घरांच्या आळीत आमचं घर. टेम्पो मी चालवायचो, गिऱ्हाईक मी आणायचो, पण मंडप आखायची ती. मधली मोकळी जागा म्हणजे आमचं खळं. पूर्वी भात झोडायचे, आता हळदी होतात, गणपती बसतो, पापड सुकतात, कोणी मेलं तर माणसं बसतात. खळं सातही घरांच्या मालकीचं.

तिचं एक म्हणणं होतं. खांब कमी, पंगत लांब. मंडपवाल्यांना खांब जास्त लावायची सवय असते. खांब जास्त म्हणजे काम सोपं. गोमीला ते चालायचं नाही. एकदा पनवेलच्या बाजारातला एक व्यापारी आला. त्याला लेकीच्या लग्नात फुलं गुंडाळलेले अठरा खांब पाहिजे होते. गोमीने विचारलं, "शेट, जेवाला मानसांना घालनार का खांबांना?" तो चिडून उठला. दारापर्यंत गेला, परत आला आणि म्हणाला, "बरं, किती पाहिजेत?" ती म्हणाली, "आठ. आन तेपन भिंतीला चिकटून."

दुसऱ्याच्या लग्नाला गेलो की ही नवरी बघायची नाही. वर बघायची. गाठी मोजायची. एसी हॉलमध्ये गेलो तर छताकडे बघून म्हणायची, "एक पन खांब नाय. हुशारी हाय. पन मांडव उतरवायची मजा नाय." गाठीबद्दल तिचा कायदा होता की उद्या सोडता येणार नाही अशी गाठ आज मारायची नाही. आमच्या भांडणांनाही तिने तोच कायदा लावला. रात्री कितीही वाजलं तरी सकाळी चहा आणून द्यायची. मात्र साखर घालायची नाही.

आता धर्माचं सांगतो.

धर्मा माझा चुलतभाऊ, समोरचं घर त्याचं. त्याची बायको सोनीवहिनी आणि गोमी म्हणजे एका पाटावर बसून भाजी निवडणाऱ्या. आमच्या आळीभोवती चारही बाजूंनी बिल्डिंगा उभ्या राहिल्या आणि मध्ये आमची कौलांची, पत्र्याची, एका स्लॅबची घरं खड्ड्यात राहिल्यासारखी झाली. घरात फोन लागेना. फोन करायचा म्हणजे आळीबाहेर मोठ्या रस्त्यावर, टपरीपर्यंत जायचं. आम्ही सवय करून घेतली होती. माणूस कशाचीही सवय करून घेतो, हा त्याचा मोठा दोष आहे.

एका दुपारी सोनीवहिनीच्या छातीत दुखायला लागलं. धर्मा पनवेलला गेलेला, मी टेम्पो घेऊन बाहेर. घरात दोघीच. गोमीने फोन लावला, लागेना. ओट्यावर येऊन लावला, लागेना. शेवटी वहिनीला भिंतीला टेकवून ती रस्त्यापर्यंत पळाली. फोन लागला. परत आली तोवर वहिनी गेली होती.

धर्मा आला. त्याने एकच विचारलं, "शेवटी काय बोलली?"

गोमी म्हणाली, "मी नव्हते रे जवळ. फोन लागत नव्हता, रस्त्यावर गेलते."

"फोन लागत नव्हता," धर्मा म्हणाला. बस, एवढंच. पण ज्या सुरात म्हणाला तो सूर गोमीच्या कानातून गेला नाही. त्याला वाटत होतं की ही घाबरली आणि पळाली. तो तोंडाने कधी बोलला नाही, आणि तिने कधी पुसलं नाही. त्या दिवसापासून धर्मा तिच्याशी फक्त टोमण्यात बोलायचा.

मला एकदा ती भाकरी थापताना म्हणाली, "अवो, ती पानी मागत असंल. आन मी रस्त्यावर उभी राहून हॅलो हॅलो करत होते." मग परातीत पीठ नसतानाही थापत राहिली.

म्हणून मोबाईलच्या टॉवरसाठी जागा शोधत देशमाने मॅडम आळीत आल्या तेव्हा बाकीच्या सगळ्यांनी दारं लोटली आणि गोमीने पाट दिला. मॅडम टॉवर उभारणाऱ्या कंपनीच्या इंजिनीअर. चाळिशीच्या, डोक्यावर हेल्मेट, पायात बूट, बोलणं एकदम शहरी. त्यांना आमचं खळंच पाहिजे होतं. बाजूच्या सोसायटीने गच्ची द्यायला नाही सांगितलं होतं, आणि आमच्या घरांचे स्लॅब त्यांनी ठोकून बघितले तर भार घेण्यासारखे नव्हते.

"मावशी, हा आमचा नेहमीचा टॉवर," म्हणून त्यांनी फोटो दाखवला. लोखंडी, चार पायांचा, खाली पसरट, वर निमुळता. "मजबूत असतो, खर्चाला परवडतो."

गोमीने फोटो बघितला, उठली, आणि मला म्हणाली, "चार बांबू आना." मॅडमकडून चार पायांचं माप घेऊन तिने खळ्यात चार कोपऱ्यांना चार बांबू उभे धरायला लावले. मग आळीतल्या बायकांना हाक मारली, "या गो, पंगतीला बसा." बायका हसत हसत बसल्या. पंगत धर्माच्या ओट्याला अडली, वळली, आणि शेवटच्या दोघी गटाराच्या फरशीवर गेल्या.

"बघा मॅडम. आन तुमी याला कुंपन पन घालनार ना? म्हंजे हळदीला नवरी कुंपनाच्या आत, का आमी?"

मॅडमनी दुसरा फोटो दाखवला. सडपातळ टॉवर, पण चारी बाजूंनी तारांचे ताण दिलेले. गोमी हसलीच. "ह्यो तर आमचाच मंडप हाय. ताणात पाय अडकून मानसं पडनार. जेवन वाढनारा हातात बादली घेऊन पडला की टॉवर काय त्याला उचलाला येत नाय. नको."

मग तिने विचारलं, "तुमच्यात एकच बांबू नसतो काय? एकच, पन खोल गाडलेला?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "असतो. मोनोपोल म्हणतात त्याला. एकच पोलादी खांब, जमिनीवर जागा अगदी थोडी. पण पाया खूप खोल घ्यावा लागतो, उभा करायला मोठी क्रेन लागते, कंपनीला महाग पडतो. आणि वर सामान मोजकंच बसतं."

"मग मोजकंच बसवा. आमच्या आळीत मानसं पन मोजकीच हायत."

मॅडम म्हणाल्या, "मी ऑफिसात विचारून बघते." गोमी म्हणाली, "विचारा. तोवर मी पन विचारते."

तिचं विचारणं म्हणजे मला टेम्पो काढायला लावून उलव्याला जाणं. तिकडे विमानतळाच्या बाजूला सगळं नवीन, सगळीकडे बांधकाम, धुळीतून टेम्पोच्या काचा पुसत गेलो. तिथे असे एका पायाचे खांब होते. एकेका खांबाभोवती ती फिरली. पाया बघितला, बाजूचं यंत्रांचं कपाट बघितलं. मग सरळ खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली.

वॉचमन धावत आला. "ओ मावशी, हात नका लावू!"

"हात नाय लावत रे, कंबर मोजते."

तिची बोटं पलीकडे जेमतेम एका वितीने चुकली. मी म्हणालो, "मना कवा अशी मिठी मारलीस?"

"तुमची कंबर मोजाला मिठी पुरत नाय."

तिथेच एक बाई चहाची टपरी चालवत होती, खांबाच्या बरोबर खाली. गोमीने तिला विचारलं, "पावसात, वाऱ्यात हलतो काय हा?"

ती बाई म्हणाली, "थोडा हलतो. आमी पन हलतो. सकाळी दोघं जागेवर असतो."

गोमीला एवढं पुरलं. येताना टेम्पोत ती एकटीच हसत होती.

पण सात घरांच्या सह्या लागणार होत्या. सहा झाल्या. सगळ्यात मोठी भीती किरणांची होती. ती गोमीने मॅडमना सगळ्यांसमोर विचारली, "तुमचं घर टॉवरपासून किती लांब?" मॅडम म्हणाल्या, "माझ्या बिल्डिंगच्या गच्चीवरच आहे. आणि मोजमापाचे कागद दाखवते, पटले तरच सही करा." कागद दाखवले, गोमीच्या सांगण्यावरून आमच्या मुलीने मोठ्याने वाचले. वरून विमानं जातात म्हणून उंचीचाही वेगळा कागद होता. राहिला धर्मा.

धर्मा ओट्यावर बसून सुपारी कातरत होता. म्हणाला, "एका पायावर बगळा उभा राहतो. तोपन मासा गावला की उडून जातो. ह्यो कुटं जाईल? माझ्या कौलावर."

"बगळा चिखलात उभा राहतो," गोमी म्हणाली. "ह्यो दगडात गाडलेला असंल. तुझ्या चार पायांच्या खाटेवरनं तू किती वेळा पडलास ते सांगू काय?"

बायका हसल्या. धर्मा नाही हसला. त्याने अडकित्ता खाली ठेवला.

"बरं. फोन लागंल. अँब्युलन्सला फोन लागंल. पन खळ्यात मधी खांब आला की ती गाडी वळनार कुटं? आळीत शिरली तर उलटी काढाला अर्धा तास. मग फोन लागून काय करशील, गोमे? परत हॅलो हॅलो?"

मला वाटलं ही आता पेटणार. पण ती आत गेली, पत्र्याचा डबा आणला, दोरी काढली. खळ्याच्या तोंडापासून दोरी टाकत गेली, एकदा, दोनदा. वीस हातांवर पाय रोवून उभी राहिली.

"खांब हितं. गाडी माझ्या भवताली फिरंल, एका फेरीत, मागं न घेता. हा माझा शब्द. नाय वळली तर मी सोता कंपनीला खांब काढाला लावीन."

धर्माने अडकित्ता परत उचलला. "तुझ्या शब्दावर सही करतो," म्हणाला. "बघू तुझा शब्द."

मॅडमची माणसं आली, त्यांनी बरोबर त्याच जागी मेख ठोकली, भोवती चुन्याचं वर्तुळ मारलं. ऑफिसने एका खांबाला होकार दिला होता. मॅडमनी आत काय भांडण केलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण कपाटंही भिंतीला लावायची आणि जनरेटर आणायचा नाही, एवढं गोमीचं म्हणणं त्यांनी कागदावर आणून दिलं.

आता तिची चूक सांगतो. तिनेच शेवटपर्यंत ती सांगितली, मग मी का लपवू.

खड्डा खणायचं मशीन यायच्या आदल्या दिवशी धर्माच्या नातीची हळद होती. हळदीत सगळं खळं नाचतं. मेखेवर कोणाचा तरी अंगठा फुटेल म्हणून गोमीने मेख उपटून ठेवली. "उद्या मी परत ठोकते, माप माझ्याकडं हाय," म्हणाली. धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणाऱ्या बाया बसल्या, हळद लागली, मग एकमेकांच्या अंगावर हळदीचं पाणी ओतायला सुरुवात झाली. मंडपासाठी बाहेर काढलेला दोरीचा डबा ओट्याखाली उघडा होता. त्यात कोणी पाणी ओतलं ते कोणी बघितलं नाही.

सकाळी तिने खळं झाडलं. चुन्याचं वर्तुळ आणि मेखेचं भोक नाचात, पाण्यात पुसून गेलं होतं. घाईत डब्यातली दोरी काढली, दोन वेळा टाकली, मेख ठोकली. दोरी पिवळी झालेली तिला दिसली, पण हळदीच्या दुसऱ्या दिवशी आळीत सगळंच पिवळं आणि ओलं असतं. मशीन आलं. खड्डा सुरू झाला.

आमच्या ओट्याच्या कडेला तिने दहा हातांवर दोन खिळे ठोकलेले होते. दोरी डब्यात ठेवण्याआधी ती त्या खिळ्यांवर ताणून बघायची, हा तिचा नेम. त्या दिवशी ताणली, आणि शेवटची गाठ दुसऱ्या खिळ्यापर्यंत पोचेना. अर्धा हात कमी. दोनदा टाकलेली, म्हणजे एक हात. खांब एक हात रस्त्याकडे सरकला होता.

मी समोरच होतो. तिचं तोंड मी असं कधी बघितलं नव्हतं. मी हळूच म्हणालो, "राहू दे गो. एका हाताने काय होतंय? कोनाला कळनार हाय?"

तिने माझ्याकडे बघितलं. आजही तो माझा बोललेला शब्द आठवला की मला लाज वाटते.

ती खळ्यात गेली आणि मशीनच्या पुढे हात आडवे करून उभी राहिली. "थांबव रे! थांबव!"

मशीनवाला ओरडला, "मावशी, मरायचंय का?"

"चूक झालीय. खांब हितं नाय, तितं हाय."

मॅडम धावत आल्या, धर्माही लेंगा सावरत आला, सगळी आळी जमली. आणि गोमीने दोरी वर धरली. हळदीने पिवळी, अजून ओलीच.

"मी ओल्या दोरीनं मापलं," ती म्हणाली. "चूक माझी हाय. खांब एक हात पुढं आलाय."

हे काय झालं ते मंडपवाल्याशिवाय कोणाला कळणार नाही. चाळीस वर्षं जे दुसऱ्याला शिकवलं तेच आपण चुकलो, हे आळीत उभं राहून सांगायचं, तेही धर्मासमोर. मला वाटलं, आता हा तिला सोडत नाही.

धर्मा म्हणाला, "आखडली व्हय गं दोरी?"

"आखडली."

"आन तुला कोनी सांगितलं?"

"कोन सांगंल? मीच बघितलं."

धर्मा वळला, घरी गेला आणि आपली अँब्युलन्सएवढी मोठी गाडी घेऊन आला. मशीन बाजूला घ्यायला लावलं आणि नुकत्याच सुरू झालेल्या खड्ड्यात, चुकीच्या मेखेच्या जागी, एक रिकामा ड्रम ठेवायला लावला. गाडी आत घातली. वळेना. दोनदा मागे घ्यावी लागली. मग गोमीने दोरी सोडून मॅडमच्या फितीने, मोजून, ड्रम एक हात आत सरकवला. धर्माने परत गाडी घातली. एका फेरीत वळली आणि तोंड रस्त्याकडे करून उभी राहिली.

धर्मा गाडीतून उतरला. सगळ्यांसमोर म्हणाला, "गोमे, त्या दिवशी फोन खरंच लागत नव्हता ना."

तो विचारत नव्हता. सांगत होता.

गोमी मान हलवून म्हणाली, "नाय लागत होता रे." मग पदर तोंडाला लावून जी बसली ती खड्ड्याच्या कडेवरच. मॅडम तिच्या बाजूला बसल्या. म्हणाल्या, "मावशी, चूक माझीपण आहे. मेख दिसली म्हणून मी फीत लावलीच नाही." त्यांनी खड्डा आतल्या बाजूला वाढवला, मोकळी झालेली माती काढून तिथे काँक्रीट भरलं. कंत्राटदाराचा एक दिवस गेला. तो दिवसभर कुरकुरत होता, तर गोमीने त्याला दुपारी हळदीचं उरलेलं जेवण वाढलं. मग तो कुरकुरायचा थांबला.

क्रेन आली, खांब तीन तुकड्यांत आला, उभा राहिला. गोमीने आंब्याची पानं बांधली, हळदकुंकू लावलं, जसं लग्नाच्या मांडवातल्या मेढीला, म्हणजे पहिल्या खांबाला, लावतात तसं. मॅडम म्हणाल्या, "मावशी, पूजा चालेल, फक्त नटबोल्टना तेल लावू नका." तिने त्याला नाव ठेवलं घरजावई. "दारात उभा, लाईट खातो, बोलत काय नाय," म्हणायची. सकाळी झाडताना त्याच्याभोवती झाडून घ्यायची आणि खांबावर एक थाप मारायची, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. त्या पहिल्या दिवशी आळीतल्या सात घरांतून एकदम फोन गेले. कोणी कोणाला काय सांगत होतं देव जाणे. गोमीने भाकरीच्या चुलीपुढे बसून पुण्याला मुलीला फोन लावला आणि म्हणाली, "काय नाय गो. चुलीपुढनं बोलते. तेवढंच सांगायचं होतं."

त्यानंतर त्या खळ्यात चार हळदी झाल्या. पंगती लांबच्या लांब बसल्या. धर्मा आता टोमणे मारायचा, पण शेवटी हसायचा.

मंडपाचा धंदा मी बंद केलेला नाही. कनातीची घडी घालायला धर्मा येतो. पहिल्या दिवशी तो टोक धरून उभाच राहिला, मी चालत येईन म्हणून. मी म्हणालो, "मी हलनार नाय. खांब हलत नाय. तू ये." तो आला. तेरावं झालं त्याच आठवड्यात आळीतल्या एका पोरीची हळद होती. तिच्या आईने विचारलं, "काका, पुढं ढकलू काय?" मी सांगितलं, गोमीने दिलेला मंडप कधी मोडला नाही, तर मी कसा मोडू. आठच खांब लावले. भिंतीला चिकटून.

आता ती सकाळ.

आदल्या दिवशी कनातीची घडी झाली ते वर लिहिलंय. सकाळी मी उठलो तेव्हा ती जागी होती, पण उठली नव्हती. घामाने भिजलेली. हात छातीवर. "दुखतंय," म्हणाली. ती कधी दुखतंय म्हणणारी नव्हती.

मी उशाखालचा फोन घेतला आणि तिच्या बाजूला बसलो. डाव्या हातात तिचा हात, उजव्या हातात फोन. उठलो नाही. ओट्यावर गेलो नाही. घंटा वाजली आणि पलीकडून आवाज आला, स्वच्छ. मी पत्ता सांगितला. मग मुलीला लावला, तोही लागला. फोन बाजूला ठेवला, तांब्यातलं पाणी भांड्यात घेतलं, तिची मान उचलून तिला दोन घोट पाजले. तिने घेतले.

"लागला?" तिने विचारलं.

"लागला."

तिने डोळे मिटले. माझा हात घट्ट धरला होता.

गाडी आली. धर्मा आधीच खळ्यात उभा होता. गोमीला आत घेतलं. मी जुना टेम्पोवाला, सवयीने मागे जाऊन खांबाजवळ उभा राहिलो, गाडी वळवायला हात दाखवायला. ड्रायव्हरने काच खाली केली.

"बाबा, तुमी आत बसा त्यांच्याजवळ. जागा भरपूर हाय."

मी आत बसलो, तिचा हात परत हातात घेतला. गाडी घरजावयाला वळसा घालून एका फेरीत वळली. मागे घ्यावी लागली नाही.